सोमवारचा लोड

बंद फौंड्रीला जास्त आवाज असतात. चालू असताना भट्टी, ग्राइंडर, क्रेन आणि शिव्या, सगळं मिसळून एकच गोंधळ. सुट्टीदिवशी मात्र पत्रा तापून टकटक करतो, ट्रान्सफॉर्मर नाकातल्या नाकात गुणगुणतो, आणि रिकाम्या कारखान्यात पाच मिनिटं कॉम्प्रेसर लावला की हवेच्या पाइपांची सगळी भोकं एकेक करून फुसफुसायला लागतात.

राजवर्धनची नोकरीच ती भोकं ऐकायची. वीज कुठं वाया जाते ते शोधायचं.

मलकापूरला आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भोकं ऐकतोस? आनि आमी नाव राजवर्धन ठेवलंय."

शिरोलीच्या मगदूम फौंड्रीला कर्ज हवं होतं. साधं कर्ज नव्हे. परदेशातल्या एका विकास बँकेनं वीज वाचवणाऱ्या कारखान्यांसाठी कमी व्याजाचा पैसा इथल्या बँकेकडं दिलेला. त्यातनं नवी भट्टी, नवा कॉम्प्रेसर, छतावर सोलर. पण अटी लई. आधी चार आठवडे वीज मोजायची, मग नवी मशिनरी बसवायची, मग परत मोजायची. आणि जुन्या मोटारी विकायच्या नाहीत, कापायच्या. विकल्या तर दुसऱ्याच्या शेडात जाऊन तेवढीच वीज खाणार, मग फरक काय पडला? कापल्याचा फोटो लागतो. मोटारीचे दोन तुकडे आणि शेजारी नंबरप्लेट.

मोजायचं काम वर्षाराणी मॅडमच्या ऑफिसकडं होतं. ऑफिस म्हणजे मॅडम, एक टायपिंगवाली आणि राजवर्धन. डिप्लोमा त्यानं अर्ध्यात सोडलेला. बाकीचं सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि मशिनींची माहितीपुस्तकं वाचून शिकलेला. पहिल्या सोमवारी सकाळी त्यानं फौंड्रीच्या मेन पॅनेलला एक लॉगर लावला, लहान मशिनींच्या लाइनीवर दुसरा. लॉगर म्हणजे डब्याएवढं यंत्र. वायरीला चिमटे लावून ठेवायचे, ते रात्रंदिवस आलेख काढत बसतं. दहाला राजवर्धन निघाला. शिरोलीत आठवड्याची सुट्टी सोमवारी, त्यामुळं गेटवर वॉचमन ज्ञानू सोडला तर आत चिटपाखरू नव्हतं.

दोन आठवड्यांनी त्यानं आलेख मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी बरोबर सोमवारवर बोट ठेवलं.

"हे टेंगूळ कसलं?"

दोन्ही सोमवारी लहान मशिनींच्या लाइनीवर सकाळी अकराला रेघ उठली होती. पाऊण-एक किलोवॅट. मध्ये मध्ये पडायची, परत उठायची. साडेतीनला झोपायची.

"माहीत नाही, मॅडम. सुट्टीला आत कोण नसतं."

"मग भूत कारखाना चालवतंय का? हे बघ राजवर्धन, ज्या लोडला नाव नाही तो लोड मला चालत नाही. बँकेचा माणूस पहिलं हेच विचारणार. नाव आण."

मालकाला, गोमटेश मगदूमला, त्यानं फोन केला. गोमटेश चाळिशीचा, घाईत बोलणारा माणूस.

"ज्ञानूच. दुसरं कोण? जावयानं ई-रिक्षा घेतलीया, ती आणून लावत असंल चार्जिंगला. चोवीस वर्सं हाय आमच्यात, पण माणूस बदलतोय हो. तुमी पुरावा द्या, मी बघतो त्याला."

ते ऐकून राजवर्धनला बरं वाटलं नाही. चोराला पकडायला आपण आलोच नव्हतो, असं त्याला वाटलं. पण नाव तर हवंच होतं.

तिसऱ्या सोमवारी तो साडेअकराला न सांगता गेला. ज्ञानू त्याला बघून खुर्चीवरनं दोनदा उठला.

"आज कशाला आलाईसा, साहेब? चहा पिऊया का भाईर?"

"रिक्षा कुठं आहे?"

"कसली रिक्षा?" ज्ञानूचं तोंड खरंच कोरं होतं.

आणि मग राजवर्धननं कान दिला. टकटक पत्रा. ट्रान्सफॉर्मर. आणि मागं, शेडच्या टोकाला, आणखी एक आवाज. गोल फिरणारा, खर्जातला, मधेच लाकूड सोलल्यासारखा.

मागं पॅटर्न शॉप होतं. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा घेतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. आता पॅटर्न बाहेरनं तयार येतात, त्यामुळं ही खोली बंद असते, असं गोमटेशनं पहिल्या दिवशी सांगितलेलं. राजवर्धननं यादीत लिहिलंही होतं: सतरा नंबर, पॅटर्न शॉप, लाकडाची लेथ, एक एचपी, जुनी मोटर, वापरात नाही, कापणे.

दार लोटलेलं. आत लेथवर वाकून एक म्हातारा उभा. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, टोपी खिळ्याला अडकवलेली. हाताच्या केसांवर भुसा. फौंड्रीच्या ऑफिसात भिंतीवर फोटो होता, त्यावरनं राजवर्धननं ओळखलं. संस्थापक पारिसाअण्णा मगदूम. गोमटेशचे वडील.

अण्णांनी लेथ बंद केली. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं आणि मग लगेच मालकाचं झालं.

"कोण पावणं?"

"मी राजवर्धन. वीज मोजायला आलोय. बँकेकडनं."

"आज सुट्टी हाय की."

"सुट्टीचीच मोजतोय, अण्णा."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, लेथकडं बघितलं. "म्हणजी ही गावली?"

"दोन आठवड्यांपूर्वीच गावली."

"आयला." अण्णा स्टुलावर बसले. "एवढी मोठी भट्टी चालतीया, त्यात माझी एक एचपी बरी दिसली तुमाला."

कोपऱ्यात एक पोतं होतं. त्यातनं गोल टोकं वर आलेली. राजवर्धननं एक उचललं. लाटणं. सागवानी, गुळगुळीत, गालाला लावावं असं. पोत्यात तसली पस्तीस-चाळीस होती.

"विकता?"

"विकायला मी काय जत्रेत बसतोय? ठेवतोय."

अण्णा मूळचे पॅटर्नवाले. एका शेडात लेथ टाकून सुरुवात केलेली, भट्टी नंतर आली. हातात अजून तेव्हाचीच लोखंडी पट्टी होती, काठ घासून चकचकीत झालेली. ती त्यांनी राजवर्धनच्या पुढं धरली.

"ही पट्टी खोटी हाय. हिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजी इंचाचा आठवा भाग, मोठा."

"का?"

"लोखंड थंड हुताना आखडतंय. फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न आधीच मोठा करायचा. दर वेळेला कोण आकडेमोड करत बसणार? पट्टीच खोटी करून ठेवल्याली."

राजवर्धननं पट्टी बघितली, हातातलं लाटणं बघितलं. "आणि लाटण्याला पण हीच लावता?"

"मग?"

"पण अण्णा, लाटणं कुठं ओतायचंय? ते तर लाकडाचंच राहणार."

अण्णा थांबले. पट्टी उलटी केली, सुलटी केली. पोत्याकडं बघितलं. आणि मग असे हसले की खोकला लागला. राजवर्धनला पाण्याची बाटली द्यावी लागली.

"सगळीच्या सगळी एक सूत लांब! न्हाय रं, दुसरी पट्टीच न्हाय माझ्याकडं. पन्नास वर्सं हीच धरली." डोळे पुसत ते म्हणाले, "हिला कळलं असतं तर चार दिवस बोलली असती."

ही म्हणजे पद्मावती, त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. आयुष्यभर एक लाटणं मागत होती. सगळ्या शिरोलीचं सामान करताय, मला एक लाटणं होत न्हाय तुमच्यानं. उद्या करतो, अण्णा म्हणायचे.

"एक करायला आलतो," अण्णा म्हणाले. "झाल्यावर बघितलं, हात अजून चालतोय."

"घरी काय सांगून येता?"

"बस्तीत देवाचं दर्शन घेतो आनि दोस्तांच्यात बसतो म्हणून."

"दोस्त कुठं असतात?"

"एक हाय पुण्यात, पोराकडं. बाकीच्यांच्या फोटूंना हार." अण्णांनी लेथवरचा भुसा हातानं लोटला. "ज्ञानू दार काढतोय. त्याला शपथ घातलीया. तू बी सांगू नगंस."

"गोमटेशदादांना सांगितलं तर काय होईल? उलट..."

"काय सांगू? घरात सून हाय, नातवंडं हायत, टीव्ही भिंतीएवढा हाय. आनि म्हातारा सुट्टीदिवशी बंद कारखान्यात जाऊन बसतोय, म्हणू? पोराला काय वाटंल? त्यानं काय कमी केलंय?"

राजवर्धनला सतरा नंबरची ओळ आठवत होती. वापरात नाही, कापणे. नाव लिहिलं तर अण्णांचा सोमवार उघडा पडणार. नाही लिहिलं तर मोटर कापून सोमवारच संपणार, आणि टेंगूळ ज्ञानूच्या नावावर जाणार.

निघताना अण्णांनी एक लाटणं त्याच्या सॅकमध्ये घातलं. "आईला दे."

ते त्यानं आईला पाठवलं नाही. मंगळवार पेठेतल्या खोलीत खिडकीचं दार वाऱ्यानं आपटायचं, तिथं अडकवलं. खोलीत एक बल्ब, एक पंखा, एक इंडक्शन शेगडी आणि तो. मागच्या महिन्यात वीजबिल आणून देताना घरमालकीण शालूबाई दारातच उभ्या राहिलेल्या.

"पावणं, ऱ्हाताय का न्हाय खोलीत? चौदा युनिट? गावाला गेलेल्या घराचं बी ह्याच्यापेक्षा जास्त येतंय."

गंमत म्हणून एकदा त्यानं ऑफिसचा लॉगर घरी आणून रविवारभर आपल्याच मीटरवर लावलेला. संध्याकाळी सातला एक पायरी वर, दहाला एक पायरी खाली. बास. कुणी आलं असतं तर चहाला शेगडी लागली असती, मधे एक उंच सुळका आला असता. त्यानं तो आलेख कुणाला दाखवला नाही. लाटणं मात्र शालूबाईंना दिसलं आणि त्यांनी चपात्या करायला नेलं. दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. "चांगलं हाय, पण डब्यात मावंना झालंय. इवलंसंच लांब हाय बघा."

चौथ्या सोमवारी राजवर्धन डबा घेऊन गेला. अण्णांनी आपला उघडला: भाकरी, मुगाची उसळ, दुधी. कांदा-लसूण नाही. राजवर्धनच्या डब्यात खानावळीचा बटाटा होता. अण्णा जैन, बटाटा खात नाहीत, ते त्याला तेव्हा कळलं. "तुझं तू खा, माझी उसळ घे," अण्णा म्हणाले. मग त्यांनी त्याला हत्यार धरायला शिकवलं. पहिलं लाटणं मधेच बारीक झालं, डमरूसारखं. अण्णा म्हणाले, "हे तुझ्या लग्नात वाजवू."

चार आठवडे संपले. अहवाल द्यायचा होता. राजवर्धननं मॅडमला सांगितलं की लॉगरची मेमरी मधेच उडाली, अजून एक आठवडा लागेल.

मेमरी काही उडाली नव्हती. त्याला अजून एक सोमवार हवा होता. अण्णांसाठी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे स्वतःसाठी.

त्या आठवड्याचा फटका ज्ञानूला बसला. शनिवारी गोमटेशचा फोन. "तुमी पुरावा देईनासा, म्हणून मीच विचारलं त्याला. सोमवारी आत काय चालतंय? गप्प. मान खाली. मी म्हटलं, एक तारखेपासनं येऊ नको. तरी गप्प! म्हणजे चोरच की न्हाय?"

सोमवारी राजवर्धन अण्णांच्या आधी पॅटर्न शॉपच्या दारात जाऊन बसला. अण्णा आले तसं त्यानं सगळं सांगितलं. मेमरीचं खोटंसुद्धा.

अण्णांनी टोपी खिळ्याला अडकवली. लेथ लावली नाही.

"ज्ञानूनं शपथ पाळली," ते म्हणाले. "मला वाटलं न्हवतं एवढं जड हुईल त्याला." मग म्हणाले, "लिव्ह. फारम काढ. माझ्यासमोर लिव्ह."

राजवर्धननं फॉर्म काढला. सतरा नंबर. चालवणारे: पारिसा मगदूम. वेळ: सोमवार, अकरा ते साडेतीन. पुढचा रकाना होता, वापराचं कारण. तिथं त्याचा पेन थांबला.

"काय लिहू?"

"लाटणी," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गोमटेशनं तो कागद वाचला. "लाटणी?" तो हसला. मग परत वरचं नाव वाचलं. मग वेळ. मग तो खुर्चीतनं उठून खिडकीशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "दर सोमवारी?"

"हो."

"बस्तीत असतात म्हणून मी त्या दिवशी फोनपण करत न्हाय त्यांना." जरा वेळानं त्यानं शिपायाला हाक मारली. "ज्ञानूला बोलवा. न्हाय, थांबा. मीच जातो गेटवर."

कर्ज मंजूर झालं. जुन्या मोटारी कापल्या, सतरा नंबरपण. फोटो राजवर्धननंच काढला. दोन तुकडे, शेजारी नंबरप्लेट. आत तांब्याच्या वेटोळ्यात लाकडाचा भुसा अडकलेला होता.

चार महिन्यांनी तो परत मोजायला गेला. गोमटेशनं हाताला धरून त्याला पॅटर्न शॉप दाखवलं. भिंतींना रंग. नवा पंखा. उशीची खुर्ची. लेथला नवी मोटर, जुनीपेक्षा निम्म्या आकाराची, आवाज जवळजवळ नाहीच. आणि वर कोपऱ्यात एक कॅमेरा.

"एकटे असतात, चक्कर-बिक्कर आली तर? म्हणून बसवला. माझ्या मोबाइलवर दिसतंय, ऐश्वर्याच्या, आमच्या मिसेसच्या, दिसतंय, अण्णांच्या फोनातपण टाकून दिलंय. आवाजसुद्धा येतोय." आणि मग गोमटेशचा आवाज खाली आला. "पण येत न्हाईत हो. एकदा आले, पाच मिनिटं बसले, वर बघितलं आनि टोपी तशीच ठेवून गेले. आम्ही काय वंगाळ केलं, तुमीच सांगा."

त्यानं वंगाळ काहीच केलं नव्हतं. तीच तर अडचण होती.

सोमवारी राजवर्धन एकटाच आत गेला. लहान मशिनींच्या लाइनीचा आलेख उघडला. टेंगूळ गेलेलं. त्याच्या जागी एक बारीक सरळ रेघ, चाळीस वॅट, चोवीस तास, न हलणारी. कॅमेरा आणि त्याचं रेकॉर्डिंगचं मशीन. त्याला त्याच्या खोलीचा आलेख आठवला. तिथं निदान सातला एक पायरी तरी होती.

तो पॅटर्न शॉपमध्ये उशीच्या खुर्चीत बसला. टकटक पत्रा. पोतं भिंतीला नीट लावून ठेवलेलं, तोंड सुतळीनं बांधलेलं. मोबाइल वाजला. नंबर अनोळखी.

"पावणं," आवाज आला, "ती पट्टी खाली पडलीया. टेबलाच्या पायापाशी. उचलून ठेव."

राजवर्धन दचकून वर बघू लागला. कॅमेऱ्याचा लाल ठिपका.

"अण्णा? तुम्ही बघताय?"

"मग काय करू? अकरा वाजल्यापासनं बघालोय. दर सोमवारी बघतोय. पट्टी तीन आठवडं झालं पडलीया, एका माणसाला दिसंना."

राजवर्धननं पट्टी उचलली. शर्टाला पुसली. "मग या की इकडं."

"कुणी बघतंय म्हटल्यावर हात चालत न्हाय रं." पलीकडं टीव्हीचा आवाज होता, मुलांचा कालवा होता. अण्णा जरा हळू बोलले. "एक काम कर. लेथ लाव जरा. नुसती. आवाज ऐकतो."

राजवर्धनचा हात बटणापर्यंत गेला. बटण नवीन, हिरवं. दाबलं असतं तर रेघ उठली असती. त्यानं हात मागं घेतला.

"नाही लावत."

"का?"

खिळ्याला अण्णांची टोपी तशीच होती, धूळ बसलेली. त्यानं ती झटकली, स्टूल ओढलं, वर चढला आणि टोपी कॅमेऱ्यावर घातली. बरोबर बसली.

"ए! काय केलंस? काळं झालं सगळं. दिसंना झालंय!"

"आता कुणालाच दिसत नाही, अण्णा. गोमटेशदादांना मी सांगतो. मी आहे इथं, चक्कर आली तर धरतो. लेथ लावायला तुम्ही या."

पलीकडनं मुलांचा कालवा तेवढा येत होता. मग फोन बंद झाला. चिडून कापला की नुसता ठेवला, ते कळलं नाही.

राजवर्धन खाली उतरला. पट्टी लेथच्या कडेला ठेवली, अण्णांच्या उजव्या हाताला येईल अशी. डबा उघडला नाही. आज त्यात बटाटा नव्हता, खानावळवाल्याला सांगून त्यानं दुधी घेतला होता. घड्याळात अकरा चाळीस झालेले. घरापासनं इथंपर्यंत रिक्षानं वीस मिनिटं, धोतर नेसायचं असलं तर जास्त.

मग त्यानं फॉर्म काढला. मोजायच्या आधी आकडा लिहायचा नाही, हे त्यानं स्वतःच स्वतःला शिकवलेलं, आणि इतक्या वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. सतरा नंबरसमोर त्यानं लिहिलं: सोमवार, बारा ते साडेतीन. कारणाच्या रकान्यात लिहिलं: लाटणी.

आणि गेटकडं कान लावून बसला.